पहिली ढेप आयझॅकची

मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोन करून म्हणाले, "आप्पा, तुमच्या इथल्या नोकरीवर लिहा." मी म्हटलं, मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. लिहिणारे डॉक्टर-इंजिनियर तुमच्याकडं ढिगानं आहेत. तर म्हणाले, त्यांच्यातल्या कुणी टेक्सासात गुऱ्हाळ चालवलेलं नाही. हे मात्र खरं. तेव्हा लिहितो. अक्षर माझं, काना-मात्रा सूनबाईनं सरळ केल्यात. मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही, आणि तिनं तोंड वाकडं केलं तिथं तर मुळीच नाही.

मी गुळव्या. इथल्या पोरांना शब्द ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गुऱ्हाळात चरकाला ऊस लावणारा वेगळा, जाळ घालणारा वेगळा, आणि काहिलीवर उभा राहून रसाचा गूळ करणारा वेगळा. हा शेवटचा तो गुळव्या. काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी पसरट कढई. रस तापला की वर मळी येते, ती काढायची. रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचा बुळबुळीत रस सोडायचा, म्हणजे तळची घाणही वर येते. मग रस पिवळा होतो, तांबूस होतो, बुडबुडे बारीक होत जातात, आणि एक वेळ अशी येते की आत्ता उतरवला नाही तर करपला, आणि थोडा आधी उतरवला तर ढेप बसत नाही. ती वेळ कुठल्या घड्याळात नसते. पाक पाण्यात सोडायचा, त्याची गोळी करायची, काहिलीच्या काठावर मारायची. आवाज आला की उतरवायचं. हे मी वडलांच्या हाताखाली शिकलो, वडील त्यांच्या वडलांच्या.

आमच्या गुऱ्हाळाची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवतो. हंगामाची पहिली ढेप मालकाची नव्हे. चरकानं ज्याचं काही घेतलं असेल, त्याची. आमच्याकडं गोविंदा होता. ऊस लावताना त्याच्या उजव्या हाताची बोटं चरकात गेली. बैलांचा चरक, गोविंदा ओरडला तसे बैल थांबले, म्हणून बोटांवर भागलं. त्या सालापासून पहिली ढेप निघाली की गुळव्यानं मोठ्यानं पुकारायचं, "पहिली ढेप गोविंदाची!" आणि स्वतः चालत जाऊन त्याच्या दारात द्यायची. तो पाणी द्यायचा. ते पिऊन परत यायचं. बोलायचं काही नाही. गोविंदा गेला, तर ढेप त्याच्या मुलाला. पहिली ढेप कुणाची हे ठरल्याशिवाय आमच्यात हंगामाचं चुलवाण पेटत नसे. वडील ह्या बाबतीत मालकाचंही ऐकत नसत.

बायको गेल्यावर नव्वद साली मुलानं मला इकडं आणलं. तो तेल कंपनीत इंजिनियर, सून दवाखान्यात औषधं देते. गावाचं नाव शुगर लँड. मला वाटलं, साखरेचं गाव म्हणजे चौफेर ऊस असणार. आलो तर चौफेर हिरवळ, आणि ती खायला एक म्हैस नाही. दिवसभर घरात एसीची घरघर. बाहेर पडावं तर अंगाला चिकटणारी दमट हवा, आणि रस्त्यावर चालणारा मी एकटाच. एकदा पोलिसानं गाडी थांबवून विचारलं, काय हरवलं का म्हणून.

एक दिवस सूनबाई म्हणाली, "आप्पा, नदीकडच्या जुन्या प्लँटेशनवर म्युझियम आहे. हार्वेस्ट डेला तिथं उसाचा रस उकळून दाखवतात. त्यांचा माणूस म्हातारा झाला, सोडून गेला. चला, बघून तरी येऊ."

प्लँटेशन म्हणजे काय, तर एका मालकाची शेकडो एकर जमीन, आणि ती कसायला विकत आणलेली काळी माणसं. आमच्याकडं पाटील होते, सावकार होते, गडी होते. पण गड्याची पोरं बाजारात नेऊन विकता येत नव्हती. इथं येत होती. हे मला सूनबाईनं गाडीतच सांगितलं. पोचल्यावर मात्र तिथलं कुणी सांगितलं नाही.

पोचल्यावर पहिल्यांदा दिसतो तो मालकाचा बंगला. पांढरे खांब, आत पियानो, चांदीची भांडी, पलंगावर जाळीची मच्छरदाणी. घेरदार झग्यातल्या बाया माणसांना फिरवतात. चिनी मातीच्या बशीवरचं फूल कुठल्या देशात रंगवलं ते सांगतात. बशी कुणी धुतली हे विचारलं तर "नोकर होते" म्हणतात. बंगल्यामागं झाडीत कामकऱ्यांच्या झोपड्यांची ओळ होती म्हणे, त्यातली एक उरलेली. तिच्यात म्युझियमचं गवत कापायचं मशीन ठेवत. आणि ओढ्याच्या कडंला विटांचं साखरघर. मी बंगल्यात गेलो नाही. सरळ साखरघरात गेलो.

एका लांब भट्टीवर लोखंडी कढया ओळीनं बसवलेल्या. पहिली मोठी, मग जरा लहान, मग आणखी लहान. रस पहिलीत ओतायचा आणि आटेल तसा पळ्यानं पुढच्या कढईत, पुढच्या कढईत. शेवटच्या लहान कढईतनं साखर. पळे भिंतीला टांगलेले, माणसाच्या उंचीहून लांब दांड्यांचे. मी एक खाली घेतला. दांडा दोन ठिकाणी घासून बारीक झालेला, हात धरून धरून. मी माझे हात तिथं ठेवले तर बरोबर बसले. दुसरा घेतला. त्यावर घासलेली जागा फार खाली होती. तो पळा कुणी तरी लहानग्यानं धरलेला होता. मी तो परत टांगला.

तिथली मुख्य बाई कॅरल. शिकलेली, वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं सूनबाईला विचारलं, ह्यांच्याकडं ह्या कामाचा काही कागद आहे का? मी म्हटलं, तिला सांग, ऊस आण नि लाकडं आण.

पहिलं आधण करपलं. आमची काहील पसरट, पातळ पत्र्याची. ही कढई खोल नि ओतीव लोखंडाची, खालचा जाळ ओढला तरी तापतच राहते. धूर, वास, सगळं साखरघर भरलं. मी म्हटलं, उद्या परत. आणि संध्याकाळपर्यंत बसून कढई खरवडली. कॅरल नंतर सांगायची, तिनं मला गुळासाठी ठेवलं नाही, त्या खरवडण्यासाठी ठेवलं.

असा मी लागलो. शनिवारी-रविवारी काम. सूनबाई सोडायला यायची, वेळ असला तर थांबून माझं इंग्रजीत सांगायची. कॅरल म्हणे, जुन्या काळी रस साफ करायला चुना टाकत, तुम्हीही चुना टाका. मी म्हटलं, भेंडी. ती म्हणे, चुना. मी हटून बसलो. त्या भेंडीपायीच मिस ओडेसा भेटली.

मिस ओडेसा म्हणजे म्युझियमच्या स्वयंपाकघरातली बाई. सत्तरीची, काळी, ताठ. डोक्याला फडकं बांधून ती लोखंडी तव्यात मक्याची भाकरी भाजून दाखवायची. स्वयंपाकघरामागं तिनं भेंडी लावली होती, पुरुषभर उंच. मी खोडं मागितली तर म्हणाली, "खोडं? शेंगा सोडून खोडं मागणारा माणूस मी पाहिला नाही."

मी खुणेनं सांगितलं, ठेचून रसात टाकणार.

"आणि ते लोक खाणार?"

"खाणार. बोटं चाटणार."

"मिस्टर आप्पा," ती म्हणाली, "ही भेंडी माझ्या माणसांबरोबर आफ्रिकेतनं आली. तुमच्या माणसांकडं कशी आली?"

मी म्हटलं, आमच्याकडं ती पहिल्यापासूनच आहे. त्यावर आमचं भांडण झालं, आणि ते कधी मिटलं नाही. पण खोडं मिळाली. ती इंग्रजीत बोलायची, मी मोडकंतोडकं. इथं सगळं मराठीत लिहितो, म्हणून वाटेल की आम्ही सुरळीत बोलत होतो. तसं नव्हतं. एकेक वाक्याला अर्धा कप कॉफी लागायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई मुलीचं लग्न बंगल्यापुढं ठरवायला आलेली, तिनं विचारलं, त्या दिवशी ह्या धुराची दिशा बदलता येईल का? एक गृहस्थ काकवी चाखून म्हणाले, इथले गुलाम सुखी असणार, रोज असलं खायला मिळायचं. मिस ओडेसा तिथंच होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि तव्यातली भाकरी उलटली, एवढंच.

आपली मंडळी यायची ती स्टीलचे डबे घेऊन. "काका, जरा घट्टसर काढा हं, पोळीबरोबर खायचीय." बंगल्याच्या खांबांपुढं फोटो काढायचे, माझ्याकडनं काकवी घ्यायची आणि निघायचं. त्यात आमचे डॉक्टर देशमुख हटकून. माणूस भला. माझे डोळे त्यांनीच तपासून दिले. पण ते झोपड्यांकडं कधी फिरकले नाहीत. कुणीच फिरकत नव्हतं, त्यांना तरी काय नावं ठेवायची.

आता तिथल्या एका कुऱ्हाडीचं सांगतो.

साखरघराच्या एका अंगाला जुना मोठा चरक उभा आहे. आडवे लोखंडी रूळ, माणसाच्या मांडीहून जाड. एकेकाळी तो वाफेच्या इंजिनावर फिरायचा. आता बंद, नुसता बघायला. मी रस काढायचो तो बाहेरच्या लहान चरकावर, खेचराच्या जोरावर. त्या मोठ्या चरकाशेजारी भिंतीला खुंटीवर एक कुऱ्हाड टांगलेली. खाली पाटी. सूनबाईनं मला वाचून दाखवली होती, "सरपणाची कुऱ्हाड."

दुसऱ्या सालच्या हार्वेस्ट डेच्या आदल्या शनिवारी मी एक आधण काढून बघत होतो. लाकडं जाड आली होती. माझी कुऱ्हाड बोथट. आधण उकळीला आलेलं, जाळ उतरत चाललेला. अशा वेळी गुळव्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. मी भिंतीवरची कुऱ्हाड काढली आणि बाहेर लाकडावर एक घाव घातला. दुसरा घालायला उचलली तोच मागनं आवाज आला.

"खाली ठेवा."

मिस ओडेसा भाकरीचा तवा घेऊन आली होती. तो तिनं जमिनीवर ठेवला.

"सरपणाचीच आहे," मी म्हटलं. "पाटी आहे."

"पाटी खोटी आहे. खाली ठेवा, मिस्टर आप्पा."

मी ठेवली. ती मला हाताला धरून मोठ्या चरकापाशी घेऊन गेली. खुंटी दाखवली, मग रूळ दाखवले. खुंटी रुळांपासून हाताच्या अंतरावर होती. मग स्वतःचा उजवा हात तिनं उसासारखा पुढं केला, रुळांच्या फटीपर्यंत नेला आणि थांबली. डाव्या हातानं कोपराच्या वर रेघ मारली.

मला कळलं. पण कळावं असं वाटत नव्हतं. म्हणून मी उगाच बोलत राहिलो. आमच्याकडं बैल थांबतात म्हणालो, गोविंदाची बोटंच तेवढी गेली म्हणालो.

"हे वाफेवर चालायचं," ती म्हणाली. "ओरडून थांबत नाही. हात आत गेला की माणूस आत जातो. म्हणून कुऱ्हाड जवळ ठेवायची आणि कुऱ्हाडीजवळ एक माणूस उभा करायचा. माझे आजोबा आयझॅक इथं ऊस लावत होते. मिसरूड फुटलं नव्हतं त्यांना. रात्रंदिवस काम, झोप लागली उभ्या उभ्या. कुऱ्हाडीशी त्या पाळीला त्यांचा बाप होता."

भट्टीवरचं आधण करपत होतं, त्याचा वास येत होता. मी गेलो नाही.

"बापानं मारली म्हणून आजोबा जगले," ती म्हणाली. "म्हणून माझी आई, म्हणून मी. मी शाळेत जायला लागले तोवर ते होते. एका हातानं सगळं करायचे. आणि इथं लिहिलंय, सरपण."

मी कुऱ्हाड खांद्यावरच्या रुमालानं पुसली आणि परत टांगली. ते आधण ओढ्यात ओतलं.

मग कळलं की ती ही पाटी बदला म्हणून वर्षानुवर्षं सांगत होती. कॅरलच्या आधीच्या साहेबांनाही सांगून झालं होतं. तिचं एकच म्हणणं. माझ्या मागं हे सांगणारं कुणी नाही. मुलं दूर शहरात, त्यांना ह्या जागेचं नावसुद्धा नको. मी गेले की पाटीवर आहे तेच खरं ठरणार.

मी सूनबाईला घेऊन कॅरलकडं गेलो. कॅरल म्हणाली, "आप्पा, असल्या कुऱ्हाडी साखरघरात असायच्या हे मला माहीत आहे. मिस ओडेसावर माझा विश्वासही आहे. पण पाट्या कमिटी ठरवते. कमिटी म्हणते, ह्याच कुऱ्हाडीचा, ह्याच माणसाचा कागद दाखवा. जुन्या कागदांत फक्त गुलामांची वयं आणि किमती आहेत. कुणाचा हात गेला ते नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी प्रयत्न करतेय."

तिचा प्रयत्न खरा होता. पण प्रयत्नानं पाटी हलत नव्हती.

त्याच आठवड्यात डॉक्टर देशमुखांकडं जेवायला होतो. मी ही हकीकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, "वाईट आहे हो. पण काका, आपण इथं पाहुणे. त्यांचं ते बघून घेतील. आपण कशाला मध्ये पडा?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही पाहुणे असाल. मी तिथं गुळव्या आहे."

सूनबाईनं टेबलाखालनं माझा पाय दाबला. घरी येताना गाडीत म्हणाली, "आप्पा, प्लीज, हार्वेस्ट डेला सीन करू नका." मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो. ती म्हणाली, "म्हणजे करणार तुम्ही."

हार्वेस्ट डे उजाडला. गाड्यांची रांग, पोरंबाळं, बँजो वाजवणारे, मिस ओडेसाच्या तव्यापुढं गर्दी. खेचर जुंपलेलं, लोकांना दिसावं म्हणून साखरघराबाहेर मांडलेली कढई गाळलेल्या रसानं भरलेली, लाकडं रचलेली. हंगामाचं पहिलं आधण. ह्या दिवशी काकवी नव्हे, गूळ करायचा असं मी आधीच ठरवून घेतलं होतं. लोक दोराच्या पलीकडं उभे. आणि मी काड्याची पेटी खिशात घालून लाकडांच्या ढिगावर बसलो.

कॅरल आली. "आप्पा, पेटवा ना."

मी सूनबाईला म्हटलं, "तिला सांग, पहिली ढेप कुणाची ते ठरल्याशिवाय चुलवाण पेटत नाही. आमची रीत आहे. चरकानं ज्याचं घेतलं त्याची ढेप. तो नसला तर त्याच्या वंशाची. इथं ती आयझॅकची. मी नाव पुकारणार."

सूनबाईनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. कॅरल काही बोलण्याआधी कमिटीच्या मुख्य बाई तिथं पोचल्या. मोठी टोपी, हातमोजे, बंगल्याच्या मालकाच्या नात्यातल्या. त्यांना सगळे मिसेस हॉलिस म्हणत.

"काय चाललंय?"

कॅरलनं सांगितलं. मिसेस हॉलिस मला म्हणाल्या, "हे बघा, लोक मुलंबाळं घेऊन आलेत. सणाचा दिवस आहे."

"माझाही सणच आहे," मी म्हटलं. "म्हणून तर पुकारायचं."

"त्या गोष्टीला पुरावा नाही. घरात सांगितलेल्या गोष्टीवर म्युझियम चालत नाही."

सूनबाईनं हे मला मराठीत सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो.

"बाईंना विचार, मला कामावर घेतलं तेव्हा माझा कागद बघितला होता का? मला येतंय ते सगळं वडलांनी तोंडी सांगितलेलं. भेंडी किती, जाळ किती, आवाज कसला, कुठंच लिहिलेलं नाही. त्या तोंडी गोष्टीवर गूळ होतो, तो बघायला ही माणसं तिकीट काढून आलीत. घरात सांगितलेलं माझं खरं, आणि हिचं खोटं? हिचं खोटं असेल तर माझंही खोटं. मग कढई तुम्हीच उकळा. पुस्तकात बघून."

सूनबाईनं ह्यातलं किती सांगितलं देव जाणे. ती म्हणते, सगळं. मिसेस हॉलिसनी दोरापलीकडच्या गर्दीकडं बघितलं. लोक घड्याळं बघायला लागले होते. शेवटी म्हणाल्या, "फक्त नाव. गोष्ट नाही."

मी म्हटलं, "नावच पुकारतात. गोष्ट आम्हीही सांगत नाही."

मी काडी ओढली.

ते आधण मी जन्मात केलेल्या चांगल्या आधणांपैकी एक. करपलं नाही, चिकटलं नाही. भेंडीचा रस सोडला तशी मळी सायीसारखी वर आली. गोळी काठावर मारली, खणखणीत वाजली. उतरवला, घोटला, साच्यात ओतला. निवेपर्यंत दुपार टळली, तरी बरेच जण थांबले. ढेप सुटली. मी ती दोन्ही हातांवर घेतली आणि गावाकडं पुकारायचो तसं, पोटातनं पुकारलं,

"पहिली ढेप आयझॅकची!"

मराठी कुणाला कळलं नाही. नाव मात्र सगळ्यांना कळलं. पुढं उभा असलेला एक गवताच्या टोपीवाला शेतकरी मिसेस हॉलिसबाईंकडं वळून म्हणाला, "आयझॅक कोण?"

त्या खोटं बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर मांडतो. त्यांनी मिस ओडेसाकडं बघितलं.

मिस ओडेसानं हात पुसले. "माझे आजोबा," ती म्हणाली. "या, दाखवते."

आणि ती साखरघरात मोठ्या चरकाकडं चालायला लागली. दोर ओलांडून लोक मागं गेले, पोरं बापांच्या खांद्यावर. बँजोवाले थांबले. आत ती काय बोलली ते मला बाहेरनं ऐकू आलं नाही, दुसरं आधण चढवलेलं, मला जाळावरनं हलता येत नव्हतं. पण तिनं हात पुढं केला ते दारातनं दिसलं, आणि सगळी गर्दी एकदम मागं सरली तेही दिसलं. गर्दीच्या शेवटी डॉक्टर देशमुख उभे होते, रिकामा डबा काखेत. त्या दिवशी ते काकवी न घेताच गेले.

पुढं काय झालं? "सरपणाची कुऱ्हाड" ही पाटी त्याच आठवड्यात निघाली. नवी लागली नाही. खोटं काढलं, पण खरं लावायला धीर होईना. ती जागा कितीतरी दिवस रिकामी. तेव्हा मिस ओडेसानं कॅरलला सांगितलं की भाकऱ्या दुसऱ्या कुणाकडनं भाजून घ्या. आणि शनिवारी ती त्या रिकाम्या जागेशेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "पाटी." मागच्या साली नवी पाटी लागली. त्यावर आयझॅकचं नाव आहे, हाताचं आहे, बापाचं आहे, आणि शेवटी "कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार" असं आहे. मला ते शेपूट आवडलेलं नाही, मी कॅरलला तसं तोंडावर सांगितलं. मिस ओडेसा म्हणाली, "राहू दे. निदान आम्ही सांगितलं हे तरी लिहिलं."

पण त्या बापाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. मिस ओडेसालाही नाही. आजोबा त्याला नुसता "पप्पा" म्हणायचे. ज्यानं कुऱ्हाड मारली त्याच्या नावानं मी ढेप कशी पुकारू? ही गोष्ट मला अजून खाते. झोपडीतलं गवताचं मशीनही अजून तिथंच आहे. आणि मी आता जाळापुढं उभा राहत नाही. धुरानं डोळे अधू झाले. यंदापासून तिथं सिनेमा दाखवतात, त्यात मी आहे. मळी काढतो, बोलत काही नाही.

एक गोष्ट उरली. रीत अर्धी राहिली होती. ढेप नुसती पुकारून भागत नाही, दारात न्यावी लागते. त्या हार्वेस्ट डेच्या संध्याकाळी मी सूनबाईला म्हटलं, मला मिस ओडेसाच्या घरी सोड. ती दमली होती, तरी काही बोलली नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडं लहानसं लाकडी घर, पुढं ओटा. ओट्याला लागून भेंडी.

मिस ओडेसानं दार उघडलं. डोक्यावरचं फडकं काढलेलं, केस पांढरे. मी ढेप पुढं केली. तिनं घेतली आणि आत बोलावलं. मी खुणेनं पाणी मागितलं. तिनं नळाचं पाणी ग्लासात आणून दिलं, मी उभ्यानंच प्यालो. आता निघायचं, बोलायचं काही नाही, अशी रीत.

पण ती म्हणाली, "थांबा."

तिनं ढेप टेबलावर ठेवली. उजवा हात पाठीमागं नेला आणि तिथंच ठेवला. ढेप छातीशी दाबून डाव्या हातानं उचलली, टेबलाच्या कडेवर तिरकी टेकवली, वरून आपल्या अंगाचा भार दिला आणि एका झटक्यात फोडली. तुकडे टेबलावर पडले. इतकं सफाईनं मी दोन्ही हातांनी फोडू शकलो नसतो.

"आजोबा असं फोडायचे," ती म्हणाली. "ब्रेड, भोपळा, बर्फ, सगळं. आम्ही पोरं बघून बघून शिकलो. आई म्हणायची, तुम्हाला दोन हात आहेत, वापरा. आम्ही नाही वापरायचो."

उजवा हात अजून पाठीमागंच होता. डाव्या हातानं तिनं मोठा तुकडा उचलून माझ्यापुढं धरला.

मी ओंजळ केली आणि तो दोन्ही हातांत घेतला.